कूर्मपृष्ठाची बारनिशी

मनुष्याने उतारवयात कोणते उद्योग अंगावर घेऊ नयेत याची एक यादी माझ्या वडिलांनी मला आपल्या हयातीतच तोंडी देऊन ठेवली होती, आणि कुणाला जामीन राहणे, दुसऱ्याच्या मुलीसाठी स्थळ सुचविणे व शेजाऱ्याच्या घराची किल्ली सांभाळणे या तीन कलमांत जगातील यच्चयावत संकटांचा समावेश झाला आहे अशी त्यांची, आणि त्यांच्यामागे माझीही, समजूत होती. परंतु त्या पुण्यपुरुषाचे सारे आयुष्य एका चौसोपी वाड्यात गेलेले असल्यामुळे, एखादा शेजारी पाण्याने अर्धी भरलेली काचेची पेटी घेऊन रात्री साडेनऊ वाजता आपल्या दारात उभा राहील, 'अंकलजी, कछुआ है, कुछ करता नहीं' एवढेच म्हणेल, आणि ती पेटी आपल्या हवाली करून तडक कॅनडास निघून जाईल, हे चौथे कलम त्यांना सुचले नाही, यात त्यांचा काही अपराध नाही.

मी स्वतः एका जिल्हा कचेरीत पस्तीस वर्षे आवक-जावक बारनिशीचे टेबल सांभाळले. आलेल्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात गोल शिक्का उमटवायचा, शिक्क्याच्या पोटात क्रमांक आणि तारीख घालायची, आणि मग तो कागद, ज्या दिशेस गेल्याने त्याचे कल्याण होण्याचा अणुमात्र संभव नाही, त्या दिशेस रवाना करायचा, हे माझे जीवितकार्य. सेवानिवृत्तीनंतर चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्ही उभयता गुरुग्रामास आलो आणि सतराव्या मजल्यावर अधांतरी नांदू लागलो. कौरव-पांडवांना धनुर्विद्या शिकविण्याबद्दल हे गाव द्रोणाचार्यांना इनाम मिळाले होते अशी येथील श्रद्धा आहे. आज आचार्य परत आले, तर स्वतःच्याच इनामात एक शयनगृह भाड्याने घेण्यासाठी त्यांना तीन महिन्यांची अनामत आगाऊ भरावी लागेल आणि 'आपण मांसाहारी आहात काय' या प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावे लागेल. २०१६ च्या एप्रिलात सरकारने गुडगावचे गुरुग्राम करण्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस असा पाऊस झाला की हीरो होंडा चौकात अडकलेल्या लोकांनी आख्खी रात्र मोटारीत काढून सकाळपर्यंत गावाचे 'गुरुजाम' असे दुसरे नामांतरही करून टाकले. अशा ठिकाणी जलचर व स्थलचर या दोन्ही वर्गांत मोडणाऱ्या प्राण्यास ठेवून घेण्यात तत्त्वतः काही गैर नव्हते.

पेटीच्या मालकांचे नाव मी येथे देत नाही. ते मला भेटले की मी 'मेहेरबान' म्हणतो, आणि त्यांना ते आवडते. त्यांच्या मुलीला टोरोंटोस पहिला मुलगा झालेला होता आणि तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली होती. कासव दिल्लीच्या एका बाजारातून आणलेले. तळहाताएवढे, हिरवे, चपटे, गळ्यावर पिवळ्या रेघा आणि दोन्ही डोळ्यांच्या मागे तांबडा पट्टा, जणू कुणी घाईघाईने कुंकवाचे बोट कानशिलावर ओढले आहे. ही जात मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. पिलू असते तेव्हा रुपयाएवढे गोजिरवाणे, म्हणून लोक घेतात. आणि पुढे ते जेवणाच्या ताटाएवढे होऊन तीस-तीस वर्षे जगते, हे घेणाऱ्याला विकणारा सांगत नाही, जसे लग्नाच्या वेळी कोणीच कोणाला काही सांगत नाही. असल्या कासवास बाजारात काही शे रुपये पडतात. मेहेरबानांनी अकरा हजार मोजले होते.

"क्योंकि," ते आवाज खाली आणून म्हणाले, "इसकी पीठ पर ॐ है."

मी वाकून पाहिले. मला पाठ दिसली.

"दिखा?"

"हां हां," मी म्हणालो. पस्तीस वर्षे मी न वाचलेल्या कागदांवर 'पाहिले' असा शेरा मारला होता. सवय जात नाही.

मेहेरबानांनी जाताना अकरा कलमी सूचनापत्र दिले. पाणी दर तिसऱ्या दिवशी बदलणे. दिवसातून काही तास उन्हात ठेवणे, कारण उन्हाशिवाय त्याचे कवच मऊ पडते. पेटीतील दगड न हलविणे. खाद्य चिमूटभर. शेवटचे कलम लाल शाईने अधोरेखित केलेले होते: 'ॐ का ख़ास ध्यान रखें.' हे कासव घरात आल्यापासून त्यांना बढती मिळाली होती, त्यांच्या सदनिकेची किंमत दुप्पट झाली होती आणि सासूबाई स्वखुशीने लुधियान्यास परतल्या होत्या. सदनिकांच्या किमती आमच्या इमारतीत सर्वांच्याच दुप्पट झाल्या होत्या, आणि कासव तर एकच होते. परंतु हा हिशेब मी त्यांना मांडून दाखविला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चष्मा पुसून पेटीसमोर बसलो. न्यायशास्त्रात, मुळात अस्तित्वातच नसलेल्या वस्तूचे उदाहरण म्हणून सशाचे शिंग आणि कासवाचे केस, म्हणजे शशशृंग आणि कूर्मरोम, ही जोडी देतात. त्या जोडीस तिसरे अपत्य झाले असावे अशी शंका मला दहा मिनिटांत येऊ लागली. हिरव्या पृष्ठावर पिवळसर वळ्या होत्या, काळपट डाग होते, मध्ये काही तरी वाकडेतिकडे होते. ॐ नव्हता. मी सौभाग्यवतीस हाक मारली. ती ओल्या हातांनी आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, "अगं बाई! किती स्पष्ट आहे हो!" संसारात मला न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी तिला स्पष्ट दिसतात, त्यामुळे मी वाद घातला नाही. पेटी त्याच दिवशी दिवाणखान्यातून देवघराशेजारी गेली. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असतेच, तेव्हा हे योग्यच आहे, असे तिचे म्हणणे. तिने हळदकुंकवाचे बोट उचलले, आणि तेवढ्यात खाद्याच्या डबीवरील बारीक अक्षरे वाचली.

"अहो, ह्यात जवळा आहे!"

खरेच होते. डबीत वाळविलेला जवळा होता, आणि झाकण उघडताच सतराव्या मजल्यावर हर्णै बंदराची संध्याकाळ अवतरली. ज्याच्या पाठीवर प्रणव आहे त्याच्या पोटात जवळा जावा, हा प्रश्न आमच्या घरात दोन दिवस गाजला. पहिल्या दिवशी त्यास पालक, मेथी आणि नैवेद्याची खीर दाखविण्यात आली. मेथीकडे त्याने ढुंकून पाहिले नाही. खिरीपासून मान आत घेतली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर काढली नाही. भगवद्गीतेत स्थितप्रज्ञास कासवाची उपमा दिली आहे, तो आपली इंद्रिये अशीच आवरून घेतो म्हणून. पण त्या कासवासमोर त्या वेळी गव्हल्यांची खीर होती की काय, याचा खुलासा भाष्यकारांनी केलेला माझ्या वाचनात नाही. शेवटी जवळा द्यायचा, परंतु देवघराच्या बाजूस पाठ करून द्यायचा, असा तोडगा निघाला.

आता या इमारतीत कोणाकडे काय आले हे कळण्यास तीन मिनिटे लागतात आणि कोणाचे काय गेले हे कळण्यास तीन वर्षे. संस्थेचा नियम असा की प्रत्येक पाळीव प्राण्याची नोंद भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपमध्ये झालीच पाहिजे. तेथे कुत्रा, मांजर, पक्षी आणि 'इतर' असे चार खाने आहेत. 'इतर' भरताच उत्तर आले की आपल्या प्राण्यास उद्वाहनातून नेताना गळ्यात पट्टा व तोंडास जाळी अनिवार्य आहे. मी पाणी बदलण्यास त्यास बादलीत घालून खाली नेत होतो, दरवानाने बादलीत डोकावून विचारले, "डिलिवरी है क्या, बाबूजी?" मी कासव दाखविले. तो बुंदेलखंडाचा. बराच वेळ पाठीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बिल्कुल हमारे खेत जैसा है. जेठ में ऐसे ही फट जाता है."

आणि तेथून जे सुरू झाले त्यास अंत राहिला नाही. द्रोणाचार्यांनी झाडावर पक्षी बांधून एकेका शिष्यास विचारले होते, 'तुला काय दिसते?' आणि कोणाला झाड दिसले, कोणाला फांद्या, कोणाला गुरुबंधू; एकट्या अर्जुनाला डोळा. आचार्यांच्या त्याच गावात मी बादली घेऊन उभा होतो आणि जो तो येऊन, न विचारता, आपापले उत्तर देऊन जात होता. जागांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना त्या पाठीवर तीन शयनगृहांचा नकाशा दिसला, दोन बाल्कन्यांसह, पूर्वाभिमुख. "और देखिए, कोने का है," असे म्हणून त्यांनी कासवाच्या शेपटीजवळ बोट ठेवले. पहिल्या मजल्यावरच्या मुलांना तेथे डायनासोर दिसला. चिरंजीवांचे एक स्नेही, जे संगणकाशिवाय कशाशीही बोलत नाहीत, त्यांना तो पैसे देण्याचा चौकोनी संकेत वाटला आणि त्यांनी भ्रमणध्वनी उघडून तो टिपण्याचा खरोखरीच प्रयत्न केला. पैसे गेले नाहीत, एवढेच त्यातले समाधान. महाराष्ट्र मंडळातील एका बाईंना उजव्या सोंडेचा गणपती दिसला, आणि दुसऱ्या बाईंना तोच डाव्या सोंडेचा दिसल्यामुळे त्या दोघी दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात एकमेकींपासून चार खुर्च्या सोडून बसल्या.

नवव्या मजल्यावर अंकशास्त्र पाहणाऱ्या एक विदुषी आहेत. त्या मात्र नुसत्या पाहून थांबल्या नाहीत. पंचपात्र मागावे तसा त्यांनी कागद-पेन्सिल मागितली आणि कवचाचे खवले मोजले. या दिल्ली परिसरात अंकशास्त्रज्ञ हल्ली ज्या 'लो शू' चौकटीवरून मनुष्याचे भविष्य सांगतात, ती चौकट मुळात एका कासवाच्याच पाठीवरून आली, अशी चीनमधील आख्यायिका आहे: लो नदीतून एक कासव वर आले, त्याच्या पाठीवर ठिपके होते, आणि ते ठिपके तीन ओळी व तीन उभ्या घरांत असे मांडलेले होते की आडवे, उभे, तिरपे कसेही मिळविले तरी बेरीज पंधराच. मी हिशेबखात्याच्या शेजारी बसलेला मनुष्य. कोणत्याही बाजूने मिळविले तरी बेरीज जुळते असा ताळेबंद मी उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता, त्यामुळे त्या कासवाविषयी मला आदरच वाटला. आणि चिनी लोकांचे हे वेड काही आजचे नव्हे. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी शांग राजे लढाईला जावे की नाही, पाऊस पडेल की नाही, राणीला मुलगा होईल की नाही, हे कासवाच्या पोटाकडील कवचास तापवून त्यावर पडणाऱ्या चिरांवरून ठरवीत आणि प्रश्न व उत्तर त्याच कवचावर कोरून ठेवीत. चिनी लिपीचे सर्वांत जुने नमुने आज आपल्याला मिळतात ते या दप्तरातून. प्रश्न, उत्तर आणि शेरा एकाच कागदावर, तोही न फाटणारा! आमच्या कचेरीस ही पद्धत कोणी सुचविली असती तर निम्मी कपाटे रिकामी झाली असती. कासवे मात्र उरली नसती.

बाईंची मोजणी चुकत होती. तेरा यायला हवेत, मधल्या ओळीत पाच आणि दोन्ही बाजूंस चार-चार. येथे चौदा येत होते. त्यांनी तीनदा मोजले, माझ्याकडे संशयाने पाहिले, आणि "इसमें एक एक्स्ट्रा है, अंकलजी, यह साधारण जीव नहीं है," असा निवाडा देऊन त्या गेल्या. जाताना त्यांनी माझी जन्मतारीखही विचारली होती. तिच्यात चार हा अंक नसल्यामुळे माझ्या आयुष्यात शिस्त नाही, असे कळले. सौभाग्यवतीने हे अंकशास्त्राशिवाय ओळखले होते.

येथवर जे झाले ते लोकांनी केले. यापुढील अपराध आमचा. नरकचतुर्दशीस पहाटे चारला सौभाग्यवतीने पाट मांडला, रांगोळी काढली, मला तेल लावले, चिरंजीवांना लावले, सुनेला लावले, आणि मग तिची दृष्टी देवघराशेजारी गेली. "घरात आलेल्याला अभ्यंगाशिवाय ठेवायचं? आणि तेही सणाच्या दिवशी?" मी मेहेरबानांचे सूचनापत्र दाखविले, त्यात तेल लावू नये असे कोठेही म्हटलेले नव्हते, आणि जे निषिद्ध नाही ते विहित समजावे असा मीमांसकांचा नसला तरी आमच्या घरचा दंडक आहे. कासवास पाटावर बसविण्यात आले. कोमट खोबरेल, त्यावर सुगंधी उटणे. औक्षणाच्या वेळी त्याने मान बाहेर काढून निरांजनाकडे पाहिले, आणि सून म्हणाली, "आई, त्याला आवडलं!" कारीट फोडण्यास मात्र त्याने पाय दिला नाही.

ते लकाकले खरे; असे की क्षणभर मलाही तेथे काही तरी अक्षरासारखे भासले. परंतु दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीची गुरुग्रामची हवा ज्याने पाहिली आहे (पाहिलीच आहे, कारण ती येथे डोळ्यांना दिसते) त्यास पुढचे सांगावयास नको. उन्हात ठेवण्याचे कलम पाळण्यासाठी मी पेटी बाल्कनीत नेली. ऊन नव्हते. समोरची इमारत नव्हती. हवेचा निर्देशांक चारशेच्या वर गेला होता आणि सूर्य म्हणजे कोणी तरी धुतलेल्या पाटीवर ओल्या खडूने काढलेला वर्तुळाचा प्रयत्न दिसत होता. कासव दगडावर चढले, सूर्य असावा त्या अंदाजाने पूर्वेस तोंड केले आणि डोळे मिटले. संध्याकाळपर्यंत त्याच्या तेलकट पाठीवर बांधकामांची धूळ, फटाक्यांची काजळी आणि पंजाबातून आलेला पेंढ्याचा धूर यांचे मिळून असे करडे पुट चढले की दुरून पाहणाऱ्यास मी बाल्कनीत वरवंटा ठेवला आहे असे वाटावे.

मग मी जुना दातांचा ब्रश घेतला.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की कासवाची पाठ म्हणजे त्याने अंगावर घेतलेली ढाल, अशी माझी त्या दिवसापर्यंत कल्पना होती. ढाल घासली तर शिपायास काय? प्रत्यक्षात ते कवच म्हणजे त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच पसरून, जुळून झालेला असतो, वर नखासारख्या द्रव्याचे खवले; त्यास स्पर्श कळतो, ओरखडा कळतो. ब्रश लागताच त्याने मागचा पाय उचलून माझे मनगट असे ढकलले, की बारनिशीच्या खिडकीतून मी लोकांना ज्या तुटकपणाने 'उद्या या' म्हणत असे, तो मला चाळीस वर्षांनी परत मिळाला. मी हळू केले. तेल गेले, धूळ गेली, आणि तेवढ्यात एक खवल्याचा पापुद्रा सुटून माझ्या बोटाला चिकटून आला. मागोमाग दुसरा. पाण्यात आणखी तीन तरंगत होते.

"अहो," सौभाग्यवती दारातून म्हणाली, "ॐ कुठाय?"

तिलाही दिसेना! पेटीभोवती आम्ही दोघे उभे राहिलो; पाठ स्वच्छ, हिरवी, ओली, आणि ॐ नाहीसा. अकरा हजारांचे अक्षर मी मऊ दात्यांच्या ब्रशाने खरवडून काढले होते. त्या रात्री मी पाचही पापुद्रे टिपकागदावर वाळवून एका खाकी लिफाफ्यात भरले, लिफाफ्यावर 'मुद्देमाल: कासवाच्या पाठीचे तुकडे, नग पाच, ॐ यातच असावा' असे लिहून तारीख घातली आणि सही केली. साक्षीदार म्हणून सही करण्यास चिरंजीवांनी नकार दिला.

संकटे एकटी येत नाहीत. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी एक दहावीतला मुलगा आला. पेटीकडे पाहून तो थंडपणे म्हणाला, "अंकल, यह स्टार टॉर्टॉइज़ है. सात साल की जेल है." एवढे सांगून तो फुटबॉल खेळण्यास गेला. मी रात्रभर कायदा वाचला. मुलगा कायद्याच्या बाबतीत अचूक होता: तारांकित कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पूर्वी चौथ्या अनुसूचीत असे, २०२२ च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीस गेले, आणि ती दुरुस्ती २०२३ च्या एप्रिलपासून लागू झाली, शिक्षा तीन ते सात वर्षे. आंतरराष्ट्रीय व्यापारही २०१९ पासून बंद. त्याचा गुन्हा काय, तर पाठीवरच्या प्रत्येक खवल्यातून पिवळ्या रेघांचा तारा फुटतो आणि तो सुंदर दिसतो. त्यापायी चोरट्या व्यापारात सापडणाऱ्या कासवांत त्याचा क्रमांक अगदी वरचा. मला डोळ्यांपुढे पंचनामा दिसू लागला: 'समक्ष पंचांचे, इसम वय ६८, धंदा पेन्शनर, याचे कब्जात कासव नग एक, अंगास खोबरेलाचा वास.' तोंडी जबानीत अभ्यंगाचे स्पष्टीकरण हिंदीतून कसे द्यावे याची मी पहाटेपर्यंत तालीम केली. "सुलतानपूरच्या तळ्यात सोडून या गुपचूप," सौभाग्यवती म्हणाली.

सुदैवाने बादली घेऊन निघालो असता उद्वाहनात पाचव्या मजल्यावरची, प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी भेटली. तिने प्रथम मला आणि मग कासवाला पाहिले. तारांकित कासव जमिनीवरचे, घुमटासारख्या पाठीचे, हत्तीच्या पायांचे. ते पोहत नाही. हे पोहते, चपटे आहे, बोटांना पडदे आहेत, आणि कानशिलाचा तांबडा पट्टा तर मी रोज पाहतो. तेव्हा तुरुंग टळला. "पण अंकल, तळ्यात सोडाल तर मीच तक्रार करीन," ती म्हणाली. सुलतानपूरचे तळे २०२१ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि हा अमेरिकन पाहुणा जेथे सुटतो तेथे उन्हाची जागा, अन्न, सारे बळकावून आमच्या देशी कासवांना हुसकून लावतो. जगातल्या शंभर अत्यंत उपद्रवी आगंतुकांच्या यादीत याचे नाव आहे. मी नम्रपणे खाकी लिफाफा पुढे केला. ती हसली. वाढत्या वयात असे पातळ पापुद्रे सुटतच असतात, नक्षी खालच्या थरात तशीच राहते. चौदाव्या खवल्याचे? अंडे उबताना फार ऊब लागली किंवा ओल कमी पडली, की कधी कधी खवले असे जास्त, वाकडे, जागा सोडून येतात. दुकानदार त्यास दुर्मिळ म्हणतो. २०२० च्या जुलैत ओडिशातील बालेश्वर जिल्ह्यात संपूर्ण पिवळे कासव सापडले होते, तेव्हाही लोक बघायला लोटले. तेथे बिचाऱ्याच्या अंगात रंगद्रव्यच नव्हते.

"म्हणजे ॐ नव्हताच?"

"मला कधी दिसला नाही, अंकल. पण मी पाहतानाच खवले मोजत होते."

उरलेले आठ दिवस मी पेटीसमोर बसून काढले. कासवी आपल्या पिलांना नुसत्या दृष्टीने वाढविते असे आमच्या संतांनी सांगून ठेवले आहे. वस्तुतः कासवी अंडी घालून निघून जाते आणि मागे वळूनही पाहत नाही, पण नुसत्या दृष्टीने पाठीवर एखादे अक्षर उगवते काय, हे पाहण्यास हरकत नव्हती. उगवले नाही. या सर्व काळात कासवाने स्वतः आपल्या पाठीविषयी कोणतेही मत व्यक्त केले नाही. मान कितीही ताणली तरी त्यास ती दिसत नाही, आणि आमच्या इमारतीत एवढ्याच एका रहिवाशास ती पाहण्याची उत्सुकताही नव्हती.

मेहेरबान परतले ते पेढे घेऊन. मी लिफाफा पाठीमागे धरून, पाठ केलेली कैफियत सुरू केली: "मेहेरबान, बात ऐसी है..." ते ऐकतही नव्हते. त्यांनी बाल्कनीतील पेटीला दोन्ही हात लावले, तिला अर्धा वळसा देऊन कासवाचे तोंड आमच्याकडे आणि शेपूट सूर्याकडे केली, नमस्कार केला, आणि म्हणाले, "जय हो. पहले से ज़्यादा साफ़ हो गया है, अंकलजी!"

सौभाग्यवतीने वाकून पाहिले. "अगं बाई, आहे की!" दिवाळीपासून आम्ही परमेश्वरास शेपटीकडून पाहत होतो. मी वाकून पाहिले. मला पाठ दिसली.

"दिखा?"

"हां हां," मी म्हणालो.

मेहेरबानांनी पेटी उचलली, दारापर्यंत गेले, आणि थबकून एकदा दीर्घ श्वास घेतला. "अंकलजी, इसमें से नारियल की ख़ुशबू क्यों आ रही है?" सौभाग्यवती म्हणाली, "माहेरपण." या शब्दाचा हिंदी पर्याय मला त्या क्षणी सुचला नाही.

लिफाफा माझ्याकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी पूजेला बसलो तर त्यातला सर्वांत मोठा पापुद्रा देवघरात, चांदीच्या ताटलीत, वर हळदकुंकू. तो नखासारखा पातळ, जवळजवळ पारदर्शक. "अगं, यावर तर काहीच नाही," मी म्हणालो. "चष्मा लावून बघा," आतून उत्तर आले. मी चष्मा लावला, पापुद्रा खिडकीपाशी उजेडात धरला, आणि खोटे कशाला सांगू, डाव्या कोपऱ्यात मला आमच्या कचेरीचा गोल शिक्का स्वच्छ दिसला. तारीखही होती, फक्त आवक क्रमांक तेवढा लागत नव्हता.